संस्थात्मक वेब पोर्टल प्रकल्प व्यवस्थापन

संस्थात्मक वेब पोर्टल प्रकल्प व्यवस्थापन म्हणजे शासकीय विभाग, महानगरपालिका, विद्यापीठ, बँक किंवा मोठा उद्योग अशा संस्थेच्या सेवा, नोंदी आणि अंतर्गत कामकाज एकाच वेब-प्रवेशद्वारातून उपलब्ध करून देणाऱ्या संगणकप्रणालीचे नियोजन, उभारणी, कार्यान्वयन आणि देखभाल करण्याची पद्धती होय. सॉफ्टवेअर अभियांत्रिकी, प्रकल्प व्यवस्थापन आणि प्रशासन या तीन क्षेत्रांच्या सीमेवर हा विषय येतो.

साधे संकेतस्थळ वाचकाला माहिती दाखवते. पोर्टल वापरणाऱ्याची ओळख पटवते, त्याचा अर्ज स्वीकारते, शुल्क घेते, अर्ज योग्य अधिकाऱ्याकडे पाठवते आणि निर्णय कळवते. त्यामुळे पोर्टल बिघडले, तर परिणाम माहिती न मिळण्यापुरता मर्यादित राहत नाही. विद्यार्थ्याचा प्रवेश, शेतकऱ्याचे कर्जखाते, सदनिकाधारकाच्या नावाची नोंद किंवा नवजात बालकाचा जन्मदाखला त्यावर अवलंबून असतो. महाराष्ट्रातील आणि अन्यत्रच्या मोठ्या प्रकल्पांचा अनुभव पाहता अशा प्रकल्पांचे यशापयश आज्ञावली लिहिण्यापूर्वी घेतलेल्या निर्णयांवर मोठ्या प्रमाणात ठरते. सेवेचे नियम किती सोपे आहेत, जुन्या नोंदी किती शुद्ध आहेत, प्रकल्पाची मालकी कोणाकडे आहे आणि प्रणाली टप्प्याटप्प्याने सुरू होणार आहे की एका दिवसात, हे त्यांतील प्रमुख निर्णय होत.

## स्वरूप

संस्थात्मक पोर्टलचे ढोबळमानाने तीन थर असतात. पहिला थर वापरकर्त्याला दिसणारी पाने आणि अर्ज यांचा असतो. दुसऱ्या थरात कामकाजाचे नियम असतात. कोणता अर्ज कोणाकडे जावा, किती दिवसांत निकाली निघावा, शुल्क किती, नकार दिल्यास अपील कोठे करावे, हे तेथे ठरते. तिसरा थर नोंदींचा, म्हणजे विदागाराचा असतो. याखेरीज आधार प्रमाणीकरण, बँकांची देयक-व्यवस्था, लघुसंदेश सेवा आणि इतर विभागांच्या प्रणाली यांच्याशी पोर्टल जोडावे लागते.

पहिला थर सर्वांना दिसतो, म्हणून बैठकांमध्ये बहुतेक चर्चा त्यावरच होते. प्रत्यक्षात दुसरा आणि तिसरा थर अधिक वेळ व श्रम घेतात. प्रकल्पाच्या वेळापत्रकात हा फरक दिसला नाही, तर पुढे विलंब होण्याची शक्यता वाढते.

## पार्श्वभूमी

मोठ्या संगणकप्रणाली वेळेत आणि ठरलेल्या खर्चात पूर्ण होत नाहीत, ही जाणीव १९६० च्या दशकात स्पष्ट झाली. जर्मनीतील गार्मिश येथे १९६८ मध्ये नाटोच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेत 'सॉफ्टवेअर अभियांत्रिकी' ही संज्ञा रूढ होण्यास चालना मिळाली. विन्स्टन रॉयस यांनी १९७० मध्ये मोठ्या प्रणालींच्या विकसनाचे टप्पे मांडले. गरजा, आराखडा, संहितालेखन, चाचणी असा एकामागून एक उतरत जाणारा हा क्रम पुढे 'वॉटरफॉल' या नावाने ओळखला गेला. रॉयस यांनी स्वतः मात्र केवळ एकाच फेरीत काम पूर्ण करणे धोक्याचे असल्याचे त्याच लेखात नमूद केले होते.

फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मधील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की उशीर झालेल्या प्रकल्पात ऐनवेळी माणसे वाढवल्यास उशीर आणखी वाढतो. यामागील एक कारण गणिती आहे. ५ जणांच्या गटात परस्परसंवादाच्या १० जोड्या असतात. १० जणांत त्या ४५ होतात आणि २० जणांत १९०. नव्या माणसांना काम समजावण्याचा वेळही जुन्या माणसांच्याच कामातून जातो. बॅरी बोह्म यांनी १९८० च्या दशकात जोखमीचा अंदाज घेत फेऱ्याफेऱ्यांनी पुढे जाणारे 'सर्पिल' प्रारूप मांडले. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात १७ तज्ज्ञांनी 'अजाइल' जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्यानंतर लहान टप्प्यांत, वापरकर्त्याला वारंवार दाखवत काम करण्याची पद्धत जगभर पसरली.

भारतात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची स्थापना १९७६ मध्ये झाली. केंद्र शासनाने २००६ मध्ये राष्ट्रीय ई-शासन योजना मंजूर केल्यावर राज्यांमध्ये पोर्टल प्रकल्पांची संख्या वाढली. महाराष्ट्रात कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने या शतकाच्या प्रारंभी नागरी सुविधा केंद्र आणि संगणकीकृत कामकाज यांची सांगड घातली. तो प्रयोग राज्यातील इतर नागरी संस्थांसाठी नमुना मानला गेला. 'आपले सरकार' हे राज्य शासनाचे पोर्टल २०१५ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी लागू झालेल्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरवला.

## नियोजन

### गरजनिश्चिती व नियमांचे सुलभीकरण

नियोजनाची पहिली पायरी म्हणजे सध्याचे काम प्रत्यक्ष कसे चालते, याची नोंद करणे. नियमपुस्तिकेतील पद्धत आणि टेबलावरची पद्धत यांत अनेकदा अंतर असते. नस्ती कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर जाते, कोणती टिप्पणी केवळ प्रथेने लिहिली जाते आणि कोणते कागदपत्र संस्थेच्याच दुसऱ्या विभागाकडे आधीपासून आहे, हे लिपिकांसोबत बसून तपासावे लागते.

यानंतर काम सोपे करण्याचा निर्णय येतो. चार सह्यांची प्रक्रिया जशीच्या तशी संगणकावर आणली, तर चार सह्यांची संगणकीय प्रक्रिया तयार होते आणि नागरिकाचा वेळ वाचत नाही. कोणती सही वगळावी, कोणता दाखला मागू नये, हे ठरवण्याचा अधिकार प्रणाली बनवणाऱ्या कंपनीला नसतो. तो विभागप्रमुखाने किंवा शासनाने वापरावा लागतो. म्हणून हा टप्पा तांत्रिक कामापेक्षा धोरणात्मक अधिक मानला जातो.

### कार्यव्याप्ती

प्रकल्पात काय समाविष्ट आहे आणि काय नाही, याचे लेखी विवरण म्हणजे कार्यव्याप्ती. काम चालू असताना 'एवढेही करून घ्या' अशा मागण्या एकेक करून वाढत गेल्या, की वेळापत्रक कोलमडते. बदल पूर्णतः थांबवणे मात्र शक्य नसते, कारण कायदे, शुल्क आणि शासन निर्णय बदलत राहतात. त्यामुळे प्रत्येक बदलाची लेखी विनंती, त्याचा खर्च व वेळ यांवरील परिणाम आणि मंजुरी देणारा एकच अधिकारी अशी व्यवस्था ठेवली जाते.

### मालकी आणि सातत्य

प्रत्येक प्रकल्पासाठी निर्णय घेऊ शकणारा एक जबाबदार अधिकारी आवश्यक असतो. महाराष्ट्रात बदल्यांचे विनियमन करणाऱ्या २००५ च्या अधिनियमानुसार शासकीय अधिकाऱ्याचा एका पदावरील सर्वसाधारण कालावधी ३ वर्षांचा असतो. निविदा, उभारणी आणि स्थिरीकरण मिळून मोठ्या प्रकल्पाला अनेकदा तेवढाच किंवा अधिक काळ लागतो. परिणामी ज्याने प्रकल्प सुरू केला, तोच तो पूर्ण करील याची खात्री नसते. यावर उपाय म्हणून निर्णयनोंदवही ठेवली जाते. कोणता पर्याय का निवडला, कोणता का नाकारला आणि तेव्हा कोणती माहिती उपलब्ध होती, हे तीत लिहिलेले असते. अशी नोंद नसल्यास नवा अधिकारी जुने निर्णय पुन्हा उघडतो आणि झालेले काम नव्याने करावे लागते.

### निविदा आणि करार

शासकीय संस्थांत काम बहुधा निविदेद्वारे दिले जाते. केवळ सर्वांत कमी दर हा निकष ठेवल्यास अनुभव आणि गुणवत्ता यांना वजन मिळत नाही. म्हणून गुंतागुंतीच्या कामांसाठी गुणवत्ता व दर या दोहोंना गुण देणारी पद्धतही वापरली जाते. करारात पुढील बाबी स्पष्ट असाव्या लागतात :

* स्रोत संहिता आणि विदा यांची मालकी संस्थेकडे राहील.
* देयके कालावधीनुसार न देता पूर्ण व तपासलेल्या टप्प्यांनुसार दिली जातील.
* कंत्राट संपल्यावर किंवा पुरवठादार बदलल्यास हस्तांतरण कसे होईल.
* सेवेची किमान उपलब्धता किती असेल आणि ती कशी मोजली जाईल.

शेवटच्या मुद्द्यात बारकावा आहे. वर्षात ८,७६० तास असतात. ९९.५ टक्के उपलब्धतेची अट पूर्ण करूनही प्रणाली वर्षाकाठी सुमारे ४४ तास बंद राहू शकते. हे ४४ तास सुटीच्या रात्रींमध्ये विखुरले असतील, तर कोणाला फरक पडत नाही. तेच तास ३१ मार्चच्या करभरणीच्या गर्दीत किंवा प्रवेशअर्जाच्या शेवटच्या दिवशी आले, तर कराराचा भंग न होताही नागरिकांचे नुकसान होते. त्यामुळे गर्दीच्या दिवसांसाठी स्वतंत्र निकष ठेवणे इष्ट समजले जाते.

## विदा आणि भाषा

जुन्या नोंदी नव्या प्रणालीत आणणे हा बहुतेक पोर्टल प्रकल्पांतील सर्वांत कष्टाचा भाग असतो. मीरा-भाईंदर शहराच्या उदाहरणावरून हे समजून घेता येते. पूर्वीच्या ग्रामपंचायतींच्या एकत्रीकरणातून येथे १९८५ मध्ये नगर परिषद स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. शहराची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ५.२० लाख होती, ती २०११ मध्ये सुमारे ८.०९ लाखांवर गेली. प्रशासनाचे स्वरूप बदलत आणि इमारती वेगाने उभ्या राहत असलेल्या अशा शहरात एकाच मिळकतीचा उल्लेख वेगवेगळ्या काळातील नोंदवह्यांत वेगवेगळ्या प्रकारे होणे स्वाभाविक असते.

नावांचे लेखन ही येथील पहिली अडचण होय. शहराचेच नाव मीरा-भाईंदर, मिरा भाईंदर, मीरा-भाइंदर आणि भायंदर अशा रूपांत आढळते. मीरा रोड पूर्वेकडील बेव्हर्ली पार्क या वसाहतीचे नाव बेव्हर्ली, बेवर्ली, बेव्हरली असे कोणत्याही प्रकारे लिहिले जाऊ शकते. त्याच्या पुढे विभाग क्रमांक, गृहनिर्माण संस्थेचे नाव, विंगचे अक्षर आणि सदनिका क्रमांक यांचा क्रमही ठरलेला नसतो. माणूस हे सर्व एकच पत्ता म्हणून वाचतो. संगणकाच्या दृष्टीने मात्र ते वेगवेगळे पत्ते असतात. मालमत्ता कराची नोंद एका रूपात आणि पाणीपट्टीची दुसऱ्या रूपात असेल, तर थकबाकी नसल्याचा दाखला देताना प्रणाली दोन्ही नोंदी जुळवू शकत नाही. यावर उपाय म्हणजे पत्त्याच्या मजकुरावर अवलंबून न राहता प्रत्येक मिळकतीला एक कायम क्रमांक देणे आणि वसाहती, रस्ते व संस्था यांची प्रमाणित यादी आधी तयार करणे.

दुसरी अडचण देवनागरी लिपीच्या संगणकीय लेखनाशी निगडित आहे. युनिकोड प्रचलित होण्यापूर्वी कार्यालयांत वेगवेगळ्या कंपन्यांचे मराठी टंक वापरले जात. त्यांतील मजकुराचे रूपांतर केल्याशिवाय तो शोधता येत नाही. युनिकोडमध्येही काही अक्षरे दोन प्रकारे साठवली जाऊ शकतात. 'बऱ्हाटे' किंवा 'कऱ्हाडे' या आडनावांतील अर्धा र दोन भिन्न चिन्हक्रमांनी लिहिता येतो. पडद्यावर ती रूपे सारखीच दिसतात, पण शोध घेतल्यास जुळत नाहीत. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांसारख्या शब्दांत तर लेखनातील फरकाने अर्थच बदलतो. म्हणून साठवणीपूर्वी सर्व मजकूर एकाच प्रमाणित रूपात आणण्याची सोय प्रणालीत असावी लागते.

तिसरी अडचण व्यक्तिनामांची आहे. मराठी पद्धतीत स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो, तर काही नोंदींत आडनाव प्रथम येते. दाक्षिणात्य किंवा एकच नाव वापरणाऱ्या रहिवाशांना आडनावाची सक्तीची चौकट भरता येत नाही. मीरा-भाईंदरसारख्या बहुभाषक शहरात अर्जाची रचना करताना याचा विचार करावा लागतो.

नोंदींचे स्थलांतर पूर्ण झाले, हे ठरवण्यासाठी हिशेबी कसोट्या वापरतात. जुन्या व नव्या प्रणालीतील मिळकतींची एकूण संख्या, एकूण मागणी आणि एकूण थकबाकी प्रभागनिहाय जुळली पाहिजे. काही शे नोंदी नमुना म्हणून निवडून मूळ कागदांशी ताडून पाहिल्या जातात. जुळत नसलेल्या नोंदी लपवून पुढे न जाता त्यांची स्वतंत्र यादी ठेवली जाते आणि त्यांवर निर्णय घेणारा अधिकारी नेमला जातो.

## विकसन आणि चाचणी

विकसन सामान्यतः दोन ते चार आठवड्यांच्या फेऱ्यांत केले जाते. प्रत्येक फेरीच्या शेवटी चालू स्थितीतील एखादी सेवा प्रत्यक्ष वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांना दाखवली जाते. सर्व सेवा अर्धवट तयार करण्याऐवजी एक सेवा अर्जापासून दाखल्यापर्यंत पूर्ण करणे अधिक उपयुक्त ठरते. त्यामुळे देयक-व्यवस्था, डिजिटल स्वाक्षरी आणि लघुसंदेश या सर्व जोडण्यांची परीक्षा लवकर होते.

चाचण्यांचे प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत :

* कार्यचाचणी – प्रत्येक नियम अपेक्षेप्रमाणे चालतो का.
* भारचाचणी – अपेक्षित कमाल गर्दीत प्रणाली टिकते का.
* सुरक्षा चाचणी – अनधिकृत प्रवेश व विदागळती शक्य आहे का.
* वापरकर्ता स्वीकृती चाचणी – ज्यांना ती वापरायची आहे, त्यांना ती वापरता येते का.

भारचाचणीत सरासरी वापराचा आकडा फसवा ठरतो. मुदतीच्या सेवांमध्ये मोठा भाग शेवटच्या काही दिवसांत येतो आणि त्या दिवसांतही संध्याकाळी गर्दी वाढते. स्वीकृती चाचणी मुख्यालयातील निवडक अधिकाऱ्यांऐवजी प्रभाग कार्यालयातील लिपिकाने, त्याच्याच संगणकावर आणि तेथील इंटरनेटच्या वेगावर केल्यास खरे दोष पुढे येतात.

## कार्यान्वयन

प्रणाली सुरू करण्याच्या तीन पद्धती प्रचलित आहेत. एकाच दिवशी सर्वत्र बदल करणे, जुनी व नवी प्रणाली काही काळ समांतर चालवणे आणि एखाद्या प्रभागापासून किंवा सेवेपासून आरंभ करून टप्प्याटप्प्याने विस्तार करणे. पहिली पद्धत वरकरणी स्वस्त व वेगवान वाटते, पण तिच्यात माघारीचा मार्ग नसतो. समांतर पद्धतीत कर्मचाऱ्यांवर दुहेरी कामाचा ताण येतो, म्हणून तिची मुदत आधीच ठरवली जाते. टप्प्यांची पद्धत नागरी सेवांसाठी सर्वांत सुरक्षित मानली जाते.

कोणतीही पद्धत स्वीकारली, तरी प्रारंभापूर्वी 'सुरू करावे की थांबावे' याचे निकष लेखी असावे लागतात. समारंभाची तारीख आधी जाहीर झाली असेल, तर हे निकष दुर्लक्षित होण्याचा धोका असतो.

## महाराष्ट्रातील उदाहरणे

### शेतकरी कर्जमाफी योजना

राज्यातील दोन कर्जमाफी योजनांची तुलना पोर्टलच्या नियोजनाच्या दृष्टीने बोधक आहे. जून २०१७ मध्ये जाहीर झालेल्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत शेतकऱ्यांकडून 'आपले सरकार' पोर्टलवर अर्ज मागवण्यात आले. घोषणेच्या वेळी सुमारे ८९ लाख शेतकऱ्यांना ३४ हजार कोटी रुपयांचा लाभ अपेक्षित होता. योजनेत कुटुंब हा घटक धरला होता आणि पात्रतेच्या अटी अनेक होत्या. त्यामुळे अर्जात विस्तृत माहिती भरावी लागत असे आणि ती नंतर बँकांनी दिलेल्या माहितीशी जुळवावी लागे. दोन्हींतील विसंगतींमुळे ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रमाणपत्रांचे वाटप सुरू झाल्यानंतरही प्रत्यक्ष रक्कम खात्यांत जमा होण्यास विलंब झाला आणि योजनेवर मोठी टीका झाली.

डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत रचना उलट करण्यात आली. शेतकऱ्याने अर्ज भरण्याची अट काढून टाकण्यात आली. बँकांनी कर्जखात्यांची माहिती पोर्टलवर भरली, कुटुंबाऐवजी वैयक्तिक शेतकरी हा निकष धरला गेला आणि शेतकऱ्याकडे केवळ यादीतील आपली रक्कम पाहून आधार प्रमाणीकरण करण्याचे काम उरले. पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० रोजी केवळ ६८ गावांसाठी प्रसिद्ध झाली. त्या प्रायोगिक टप्प्यानंतर लगेच मोठी यादी जाहीर करण्यात आली. २ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाची सरसकट मर्यादा, माहिती ज्याच्याकडे आधीच आहे त्याच्याकडूनच घेणे आणि लहान प्रारंभ या तीन निर्णयांनी प्रणालीचे काम हलके झाले. यांपैकी एकही निर्णय तांत्रिक स्वरूपाचा नव्हता.

### मुंबई विद्यापीठातील संगणकाधारित मूल्यांकन

मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांसाठी उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकाच वेळी मोठ्या प्रमाणावर लागू केली. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिकांचे मूल्यांकन करायचे होते. स्कॅनिंगचा खोळंबा, प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाला मिळालेला अपुरा वेळ आणि उत्तरपत्रिका शोधण्यातील अडचणी यांमुळे काम रेंगाळले. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार निकाल ३० दिवसांत आणि उशिरात उशिरा ४५ दिवसांत लावणे अपेक्षित असते. कुलपती या नात्याने राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही पाळली गेली नाही. निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

मुंबईसह ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे विद्यार्थी यात अडकले. पदव्युत्तर आणि परदेशी शिक्षणाचे प्रवेश, तसेच नोकरीच्या संधी यांवर परिणाम झाल्याच्या तक्रारी झाल्या. पडद्यावरील मूल्यांकन ही पद्धत स्वतः सदोष नव्हती. ती इतरत्र वापरात होती. एखाद्या विद्याशाखेपासून आरंभ न करता सर्व शाखांना ती एकाच सत्रात लागू करणे, हा निर्णय अडचणीचा ठरला.

### महारेरा

स्थावर संपदा अधिनियम, २०१६ मधील प्रकल्पनोंदणीची तरतूद १ मे २०१७ पासून लागू झाली आणि चालू प्रकल्पांना नोंदणीसाठी ३ महिन्यांची मुदत होती. महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने (महारेरा) नोंदणी प्रारंभापासूनच ऑनलाइन ठेवली. कागदी नस्ती नंतर संगणकावर आणण्याचा प्रश्न त्यामुळे उद्भवला नाही. कार्यव्याप्तीही प्रारंभी नोंदणी व माहितीच्या प्रकटीकरणावर केंद्रित होती.

क्रमांकरचनेतील एक तपशील येथे लक्षणीय आहे. ठाणे जिल्ह्यातील, आणि म्हणून मीरा रोड-भाईंदरमधील, प्रकल्पांचे नोंदणी क्रमांक प्रारंभीच्या रचनेत 'पी' या रोमन अक्षरापुढे ५१७ ने सुरू होत असत. २०११ च्या जनगणनेतील ठाणे जिल्ह्याचा सांकेतांकही ५१७ च आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी, म्हणजे जनगणनेनंतर अस्तित्वात आला. त्याचे प्रकल्प त्या रचनेत ९९० ने सुरू होणाऱ्या वेगळ्या मालिकेत होते. प्रशासकीय सीमा बदलत असतात आणि क्रमांकरचनेत त्यासाठी जागा ठेवावी लागते, याचे हे सोपे उदाहरण होय.

## इतर उदाहरणे

अमेरिकेतील आरोग्य विम्याचे 'हेल्थकेअर डॉट गव्ह' हे पोर्टल १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाले, तेव्हा पहिल्या दिवशी केवळ ६ जणांची नावनोंदणी पूर्ण झाली. अनेक कंत्राटदारांच्या कामाची एकत्रित चाचणी अपुरी राहणे आणि समन्वयाची अंतिम जबाबदारी स्पष्ट नसणे, ही कारणे नंतरच्या चौकशांत पुढे आली. छोट्या तज्ज्ञ गटाने पुढील काही आठवड्यांत दुरुस्ती केल्यावर ते सुरळीत झाले.

भारतात आयकर विभागाचे नवे पोर्टल ७ जून २०२१ रोजी जुने पोर्टल बंद करून सुरू करण्यात आले. त्यातील अडचणी अनेक आठवडे चालू राहिल्या. ऑगस्टमध्ये केंद्रीय अर्थमंत्र्यांनी पोर्टल बनवणाऱ्या इन्फोसिस कंपनीच्या प्रमुखांना पाचारण केले. व्यक्तींसाठी ३१ जुलै ही विवरणपत्राची मुदत त्या वर्षी प्रथम ३० सप्टेंबर आणि नंतर ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली.

## सुरक्षा, सुगम्यता आणि देखभाल

पोर्टल सुरू झाल्यावर प्रकल्प संपत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० खालील सर्ट-इन या संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर सुरक्षाविषयक घटनांची माहिती ६ तासांत कळवणे बंधनकारक आहे. त्यासाठी रात्री किंवा सुटीच्या दिवशी निर्णय घेणारी व्यक्ती कोण, हे आधीच ठरलेले असावे लागते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मुळे आवश्यक तेवढीच माहिती मागण्याच्या तत्त्वाला कायद्याचे बळ मिळाले आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ नुसार दृष्टिहीन व इतर दिव्यांग वापरकर्त्यांना सेवा वापरता येणे आवश्यक आहे.

लोकसेवा हक्क अधिनियमामुळे दिवसांची मोजणी हा पोर्टलचा कायदेशीर भाग बनला आहे. अर्ज केव्हा परिपूर्ण मानला गेला, त्रुटी केव्हा कळवली आणि मुदत केव्हा संपली, यांची नोंद अपिलात पुरावा ठरते. म्हणून या तारखा कोणालाही नंतर बदलता येऊ नयेत, अशी व्यवस्था ठेवावी लागते.

## टीका आणि मर्यादा

पोर्टल आल्याने रांग नाहीशी होत नाही, ती केवळ दिसेनाशी होते, अशी टीका केली जाते. ऑनलाइन अर्ज केल्यानंतर त्याचीच छापील प्रत कार्यालयात आणून देण्यास सांगणे हा तिचा नेहमीचा दाखला होय. मुदत पाळल्याचे दाखवण्यासाठी क्षुल्लक त्रुटी काढून अर्ज परत पाठवले जाऊ शकतात. त्यामुळे निकाली निघालेल्या अर्जांच्या टक्केवारीसोबत परत पाठवलेल्या अर्जांचे प्रमाण आणि नागरिकाला कार्यालयात माराव्या लागलेल्या खेपाही मोजाव्यात, असे सुचवले जाते.

ज्येष्ठ नागरिक, स्मार्टफोन नसलेली कुटुंबे आणि मराठी किंवा इंग्रजी सहज न वाचणारे स्थलांतरित कामगार यांच्यासाठी केवळ ऑनलाइन सेवा हा अडथळा ठरू शकतो. आपले सरकार सेवा केंद्रे आणि प्रभाग कार्यालयांतील नागरी सुविधा केंद्रे हा त्यावरील सध्याचा उपाय आहे. पोर्टल सुरू झाल्याने खिडकी बंद करण्याऐवजी खिडकीवरील कर्मचाऱ्यानेही तेच पोर्टल वापरावे, म्हणजे दोन्ही मार्गांनी आलेल्या अर्जांची नोंद एकाच ठिकाणी राहते.

## हेही पाहा

* ई-शासन
* आपले सरकार
* महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५
* मीरा-भाईंदर महानगरपालिका
* सॉफ्टवेअर अभियांत्रिकी
* युनिकोड